सभा भरतात, पण विश्वासांगीकार कुठे आहे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर मोठा लेख आला. लेखक बरेच फिरले आहेत, लोकांशी बोलले आहेत, हे वाचताना कळते. आमच्याविषयी एरवी छापून येते ते नाताळात, नाहीतर धर्मांतराच्या वादात. २०२१ च्या डिसेंबरात इथल्याच सुवर्ण विधानसौधात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, तेव्हा आमच्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण आम्ही नेमके काय मानतो हे त्यात कुठे नव्हते. तुमच्या लेखकांनी तो प्रश्न विचारला म्हणून त्यांचे आभार, आणि त्यांनी काढलेले उत्तर पटले नाही म्हणून हे पत्र.

लेखाचा सूर असा आहे: जुनी चर्च म्हणजे ठरलेली उपासना, पाठ केलेली उत्तरे, रिकामी होत चाललेली बाके, आणि अलीकडे गल्लोगल्ली उभ्या राहिलेल्या फेलोशिप म्हणजे तरुण, जिवंत, ‘इव्हँजेलिकल’ मंडळी. एक कर्मठ, दुसरी मोकळी. ही वाटणी मला मान्य नाही, आणि ती आमच्या लोकांच्याही डोक्यात बसत चालली आहे याचे जास्त वाईट वाटते. माझ्या मते खरी उणीव आहे ती विश्वासांगीकाराची, म्हणजे आपण काय मानतो ते मंडळीने एकत्र म्हणण्याची.

मी निवृत्त परिचारिका आहे. जन्मापासून मेथॉडिस्ट, म्हणजे इथल्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळीतली, माहेर खानापूर तालुक्यातले. थोरली सून फेलोशिपमध्ये वाढलेली. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या घरातली माणसे दोन दिशांना बाहेर पडतात आणि दुपारी एका पंगतीला जेवतात. दोन्हीकडचे बरे आणि वाईट मी रोज पाहते.

आधी इतिहासाचे. इव्हँजेलिकल शिकवण बेळगावात काल-परवा मोटारसायकलवरून आलेली नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक इथे १८२० मध्ये आले आणि १९०४ मध्ये त्यांचे काम मेथॉडिस्टांच्या हाती आले. हे दोन्ही गट इव्हँजेलिकलच होते. बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. जन्म १८३१ चा, शिक्षण इथल्या मिशन शाळेत, बाप्तिस्माही इथेच, १८५४ मध्ये. मराठी वाचक त्यांना १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’मुळे ओळखतात. शास्त्र वाचून, वाद घालून, घरच्यांचा रोष पत्करून आलेला हा माणूस. त्याला कोणत्या रकान्यात घालायचे, कर्मठ की जिवंत?

इव्हँजेलिकल कोणाला म्हणावे याच्या चार खुणा डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ मध्ये मांडल्या आणि अभ्यासक आजही त्याच वापरतात: पवित्र शास्त्राला शेवटचा अधिकार देणे, वधस्तंभ मध्यभागी ठेवणे, प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करून नवा जन्म घ्यावा असे मानणे, आणि विश्वास कामातून दाखवणे. या खुणांनी पाहिले तर माझी आजी इव्हँजेलिकल होती. तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी नातवंडांकडून एक अध्याय वाचून घ्यायची आणि मध्येच थांबवून विचारायची, “हे कुणाला उद्देशून म्हटलंय रे?” रोप लावताना ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीते म्हणायची. गावात बाळंतपण असो की मयत, जात न विचारता धावून जायची. आणि तिला प्रेषितांचा विश्वासांगीकार तोंडपाठ होता. तो तिच्या विश्वासाचा कणा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आम्ही देवाबद्दल आणि ख्रिस्ताबद्दल काय मानतो, हे मंडळीने उभे राहून एकत्र म्हणणे म्हणजे विश्वासांगीकार. फातिमा कॅथेड्रलमध्ये रविवारच्या मिस्सात तो म्हटला जातो, आमच्या उपासनेतही म्हटला जातो. पोपचा अधिकार, संस्कार, मरीयेचा मान यांवर कॅथलिकांचे आणि आमचे मतभेद आहेत. पण देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, पुत्राने देह धारण केला, दुःख सोसले, मेला, पुरला गेला, उठला, पुन्हा येणार, यावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि पूर्वेकडच्या मंडळ्या एक आहेत. पुरातन, सार्वत्रिक ख्रिस्ती विश्वास म्हणतात तो हाच.

फेलोशिपमध्ये मी विश्वासांगीकार कधी ऐकला नाही. सुनेला विचारले, तर म्हणाली, “आई, तो माणसांनी लिहिलाय. आमचे पास्टर म्हणतात, आम्हाला बायबल पुरे.” तिचा हेतू शुद्ध आहे आणि शास्त्रावर तिचे प्रेम माझ्याहून कमी नाही. म्हणून तिला जे सांगितले तेच इथे लिहिते.

बायबल पुरे असे अरियही म्हणू शकला असता. तो अलेक्झांड्रियाचा पाळक. पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा एक काळ होता, ही त्याची शिकवण. यासाठी त्याच्या बाजूचे लोक शास्त्रातलीच वचने काढून दाखवत: नीतिसूत्रांचा आठवा अध्याय, योहानाच्या चौदाव्या अध्यायातले ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’. शास्त्र दोघांच्याही हातात होते. प्रश्न होता, सगळे शास्त्र मिळून ख्रिस्ताबद्दल काय सांगते? ३२५ मध्ये निकेया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशप जमले ते यासाठी. काहींच्या अंगावर आधीच्या छळाचे वण होते, असे जुने इतिहासकार लिहितात. सुखवस्तू पंडितांची ती बैठक नव्हती. त्यांनी निकेयाचा विश्वासांगीकार लिहिला: पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने आला. हे सांभाळायला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. २०२५ मध्ये निकेयाला १७०० वर्षे झाली आणि आमच्या भागात बहुतेक फेलोशिपना त्याची गंधवार्ता नव्हती. जुन्या मंडळ्यांतही मला फारसे काही दिसले नाही.

प्रॉटेस्टंट सुधारणेने हे सोडून दिले, असाही समज आहे. तसे नाही. ही सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या लोकांनी १५३० मध्ये ऑग्सबर्गला आपला विश्वास लिहून दिला, त्याच्या पहिल्याच कलमात निकेयाचा निर्णय मान्य केलेला आहे. आमच्या मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत गेला, तिथे रोमकरांच्या पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात होती आणि त्याचे हृदय उबदार झाले; ही साक्ष सगळे सांगतात. त्याच वेस्लीने १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांना धर्मकलमे पाठवली, त्यातले पहिले कलम पवित्र त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव याचे, आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. १९७४ चा लॉझान करार जगभरच्या इव्हँजेलिकलांनी मानला. इंग्लंडचे पाळक जॉन स्टॉट यांचा त्यात मोठा हात होता. त्याची सुरुवातही एकाच सनातन देवावरच्या, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरच्या विश्वासाने होते. बेबिंग्टनच्या चार खुणांत ख्रिस्त कोण, हे सांगितलेले नाही, कारण ते आधीच विश्वासांगीकारातून आलेले होते. ते काढून घेतले तर वधस्तंभावर कोण मेले, हा प्रश्न उघडा पडतो.

आणि तो उघडा पडला आहे. आमचा नातू सातवीत आहे. गेल्या मे महिन्यात फेलोशिपच्या तरुणांच्या शिबिराला जाऊन आला आणि रात्री जेवताना विचारू लागला, “आजी, येशू हाच बाप आहे ना? बाप, पुत्र, आत्मा ही त्याचीच तीन नावं. म्हणजे आपला बाप्तिस्मा चालत नाही, फक्त येशूच्या नावानं परत घ्यायला पाहिजे.” बाहेरून आलेल्या वक्त्याने हे शिकवले होते. सुनेलाही ठाऊक नव्हते, ती घाबरून गेली. मी त्याला विचारले, मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कुणाला करत होता? यार्देन नदीत बाप्तिस्मा होताना आकाशातून कोण बोलले? तो विचारात पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही मत्तयाचा तिसरा अध्याय काढून बसलो.

हा वाद पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या घरातच होऊन गेलेला आहे. त्या चळवळीतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या मंडळीने १९१६ मध्ये आपली मूलभूत सत्ये लिहून काढली, त्रैक्य स्पष्ट मांडले, आणि ‘फक्त येशू’ म्हणणारे बरेच पाळक तेव्हा बाहेर पडले. म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अन्यभाषा बोलणाऱ्या, टाळ्या वाजवणाऱ्या, चंगाईवर, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होण्यावर, विश्वास ठेवणाऱ्या लोकांनाही लिहिलेला विश्वास लागला. मग आमच्या गल्लीतल्या फेलोशिपला तो लागणार नाही असे कसे?

आता मी ज्यासाठी पेन हातात घेतले, ते.

वडगावात माझ्या ओळखीची एक बाई आहे. घरात माग आहेत, बरीच वर्षे साखरेचा त्रास, इन्शुलिन चालू. एक दिवस आनंदाने सांगायला आली, “सिस्टर, मी बरी झाले. सुई बंद केली.” कुणी सांगितले विचारले, तर एका चंगाई सभेत. वक्ता म्हणाला होता, सुई टोचून घेतेस म्हणजे तुझा देवावर भरवसा नाही. घोषणा कर की मी बरी आहे, आणि विश्वासाचे बी पेर. बी म्हणजे पैसे. मगाच्या मजुरीतले पैसे तिने पाकिटात घालून दिले होते. मी समजावले, चिडलेही. तिने माझ्यासाठी प्रार्थना केली आणि गेली.

साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायाची जाणीव जाऊ शकते. खडा टोचला, चप्पल लागली तरी कळत नाही. तिच्या अंगठ्याला मागाखाली पडलेला लोखंडी तुकडा लागला होता आणि तिला तो लागल्याचेच माहीत नव्हते. तिची मुलगी मला बोलवायला आली तेव्हा खोलीत वास येत होता. पट्टी सोडली तर अंगठा काळा आणि शेजारच्या बोटाची कड ओली. दवाखान्यात अंगठा आणि ते बोट काढावे लागले, पाय वाचला. ड्रेसिंगला मी रोज जात होते. एकदा ती भिंतीकडे बघून म्हणाली, “सिस्टर, माझं कुठलं पाप राहिलं असंल हो, कबूल न केलेलं?” तिला सभेत हेच शिकवले होते: बरे झालात तर श्रेय वक्त्याच्या ‘अभिषेका’ला, म्हणजे त्याला मिळालेल्या दैवी शक्तीला, नाही झालात तर दोष तुमच्या विश्वासाला. तो वक्ता पुन्हा त्या गल्लीत आला नाही.

मी देवाच्या चंगाईवर विश्वास ठेवते. वॉर्डात अशी माणसे उठून घरी गेलेली पाहिली आहेत की ज्यांची डॉक्टरांनीही आशा सोडली होती. प्रार्थना मी रोज करते, रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून करते. पण प्रेषित पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून तो पुढे गेला, एपफ्रदीत मरायला टेकला होता हे त्याने लिहून ठेवले, आणि त्याच्याबरोबर ‘प्रिय वैद्य लूक’ होता. पौलाचा स्वतःचा ‘देहातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, तीनदा विनंती करूनही निघाला नाही. यांतल्या कुणाला त्याने ‘तुझा विश्वास कमी’ म्हटले? वेस्लीने १७४६ मध्ये लंडनला गरिबांसाठी मोफत औषधे द्यायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी घरगुती उपचारांचे पुस्तक छापले. ज्याच्या नावाने आपण नव्या जन्माचा उपदेश करतो, त्याने औषधाची बाटली हातात घेऊन तो केला.

विश्वासांगीकार शिकवला असता तर त्या बाईला उत्तर मिळाले असते. ‘पंतय पिलाताच्या वेळेस दुःख सोसले’ (पिलात म्हणजे येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार) हे वाक्य दर रविवारी जिच्या तोंडी आहे तिला कुणी सांगू शकत नाही की देवाच्या लाडक्याला दुःख येत नाही. आपला प्रभूच दुःख सोसून गेला. त्याने आपला देह धारण केला, म्हणजे हा देह, सुजलेला पाय, सुई, ड्रेसिंग हे देवाला परके नाही. आणि शेवटी ‘देहाचे पुनरुत्थान’. नुसता आत्मा वर जाणार असता तर अंगठ्याची पर्वा कशाला? बी पेरून पीक घेण्याच्या शिकवणीला या तिन्ही वाक्यांत कुठेही जागा नाही. जगभरच्या इव्हँजेलिकल नेत्यांनी २०१० मध्ये केपटाउनला जमून या समृद्धीच्या सुवार्तेवर स्पष्ट शब्दांत टीका केली. ती टीका मराठीत, कन्नडमध्ये आपल्या पास्टरांपर्यंत पोहोचायला हवी.

फेलोशिपच्या लोकांबद्दल माझ्या मनात कडवटपणा आहे असे कुणी समजू नये. माझे यजमान शेवटच्या आजारात होते तेव्हा सुनेच्या फेलोशिपमधली मुले रात्र रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली, रक्त दिले, डबे आणले. रिक्षा चालवणारी, उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारी पोरे ती. ज्यांनी दारू सोडली, बायकोवर हात उगारणे सोडले, अशी माणसे मी त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिली आहेत. हा पवित्र आत्म्याचाच हात आहे. जुन्या मंडळ्यांना हे कळत नाही. कमिटीच्या निवडणुका, जागेचे दावे, कोणाचे नाव कोनशिलेवर, यात आमची शक्ती गेली. विश्वासांगीकार आम्ही म्हणतो, पण कित्येकदा घड्याळाकडे पाहत. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या, वर्गाला मुले प्रमाणपत्रासाठी येतात, कारण पुढे लग्नाला लागते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. त्रैक्यासकट बऱ्याच गोष्टींवर त्यांनी आपल्या शिक्षिकांशी पत्रांतून कडाडून वाद घातला. कुणी सांगितले म्हणून त्यांनी मान हलवली नाही. आणि पुढे त्यांनीच साक्ष दिली की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडल्यानंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ चे संजीवन (आध्यात्मिक जागृतीची लाट) आले, ज्याचा वारसा आज फेलोशिप सांगतात. त्याच रमाबाई आयुष्याच्या शेवटापर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत बसल्या. प्रश्न, अनुभव, अभ्यास, तिन्ही एका बाईत. जुन्या मंडळ्यांनी तिचा अनुभव घ्यावा आणि फेलोशिपनी तिचा अभ्यास.

आमच्या मंडळीत संयुक्त उपासनेच्या रविवारी मराठी आणि कन्नड लोक एकत्र येतात. विश्वासांगीकार ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणायचा. एकाच वेळी सुरू होतो, पण वाक्ये लहानमोठी असल्यामुळे मध्येच दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. पिलातापाशी कन्नड बाके पुढे जातात, पुनरुत्थानापाशी आम्ही त्यांना गाठतो. जे आधी संपवतात ते गप्प उभे राहतात, आणि ‘आमेन’ सगळे मिळून. सीमाभागात एवढ्या सगळ्यांनी एका गोष्टीला आपापल्या भाषेत होकार दिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. फेलोशिपमध्ये गाणी तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशी बदलत राहतात, वक्ते बदलत राहतात. त्या मुलांना दर आठवड्याला न बदलणारे असे काहीतरी द्यायला हवे.

तेव्हा फेलोशिपच्या पास्टर बंधूंना माझी हात जोडून विनंती: तुमची गाणी, तुमच्या साक्षी, रात्रीच्या प्रार्थना काहीही सोडू नका. फक्त उपदेशाआधी दोन मिनिटे मंडळीला उभे करा आणि विश्वासांगीकार म्हणा. महिन्यातून एकदा त्यातले एक वाक्य घेऊन शास्त्रातून शिकवा. बाहेरचा वक्ता बोलावण्याआधी त्याला हा विश्वास मान्य आहे का ते विचारा, आणि तो औषध बंद करायला सांगणार असेल तर त्याला माइक देऊ नका. आमच्या मंडळीच्या कमिटीला विनंती: दृढीकरणाचा वर्ग सहा आठवड्यांत उरकू नका, आणि प्रत्येक मुलाला एकदा तरी विचारा, तू जे म्हणतोस त्यावर तुझा भरवसा आहे का?

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या घरी संध्याकाळी मुलांचा वर्ग सुरू करते आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार, ओळीओळीने, बायबल उघडून. सातवीपासूनच्या मुलांनी यावे, कोणत्याही मंडळीची चालतील, कॅथलिकांचीही. कन्नड माध्यमाच्या मुलांना समजावून सांगायला आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका बसणार आहेत. नातवाने त्याच्या शिबिरातल्या मित्रांना सांगून ठेवले आहे. वडगावच्या बाई पहिल्या दिवशी येऊन मुलांसाठी प्रार्थना करणार आहेत; त्या आता इन्शुलिन वेळेवर घेतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
बेळगाव